मैदानं भरली, मग टीव्हीचा धंदा का बसला?

३१ मे २०२३ रोजी सॅन डिएगो पाद्रेस हा बेसबॉल संघ मायामीत मार्लिन्सविरुद्ध खेळत होता. आदल्या दिवसापर्यंत त्यांचे सामने सॅन डिएगोच्या लोकांना एका केबल चॅनलवर दिसत होते. त्या चॅनलच्या मालक कंपनीने संघाचा हप्ता थकवला, वाढीव मुदतीतही भरला नाही, आणि करार संपला. मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे लीग चालवणाऱ्या संस्थेनेच, आधीपासून तयारी ठेवली होती. मायामीतला तो सामना तिने स्वतः प्रक्षेपित केला.

आता हा काही ओस पडलेला संघ नव्हता. त्या हंगामात पाद्रेसच्या घरच्या सामन्यांची ३२ लाख ७१ हजार तिकिटं खपली. संघाच्या इतिहासात तोवर एवढी कधीच खपली नव्हती, आणि पुढच्या दोन्ही वर्षांत आकडा आणखी वर गेला. लोक पैसे मोजून येत होते आणि तरी टीव्हीवाला बुडाला.

अमेरिकेत ‘बेसबॉलमधला लोकांचा रस आटतोय’ आणि ‘बेसबॉलला पुन्हा बरे दिवस आलेत’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी कानावर पडतात. दोघांकडे आकडे असतात आणि दोघांचेही आकडे खरे असतात. फक्त ते वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात.

आपल्याला आयपीएलची सवय, त्यामुळे एक फरक आधीच सांगून टाकतो. आयपीएलचे सगळे सामने बीसीसीआय एकगठ्ठा विकते. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले आणि त्यातला वाटा संघांना मिळतो. वानखेडेवरचे सामने मुंबई इंडियन्स वेगळे विकू शकत नाही. बेसबॉलमध्ये संघ ३०, प्रत्येकाचे हंगामात १६२ सामने, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. यातले मोजके सामने देशभर दाखवले जातात. त्यांचे हक्क लीग विकते आणि पैसे तिसांत सारखे वाटते. उरलेले बहुतेक सामने मात्र प्रत्येक संघ आपल्या भागातल्या चॅनलला स्वतंत्रपणे विकत आला आहे. लॉस एंजेलिस डॉजर्सचा करार २५ वर्षांचा आणि ८३५ कोटी डॉलरचा, २०१४ पासूनचा. पाद्रेसचा होता २० वर्षांचा, १२० कोटींचा. वर्षाला सरासरी ३३ कोटी एकीकडे, ६ कोटी दुसरीकडे. हे दोन संघ एकाच गटात खेळतात आणि त्याच खेळाडूंवर बोली लावतात. प्रत्येक संघ आपल्या निव्वळ स्थानिक मिळकतीचा ४८ टक्के भाग सामाईक पेटीत टाकतो आणि ती पेटी सगळ्यांत सारखी वाटली जाते, हे खरं. पण त्याने दरी अरुंद होते, बुजत नाही.

तिकीट खपलं म्हणजे माणूस आला असं नाही

मैदानावरच्या गर्दीचा सर्वांत मोठा आकडा २००७चा: ७ कोटी ९५ लाख. २०१९पर्यंत तो ६ कोटी ८५ लाखांवर घसरला. २०२०चा हंगाम कोविडमुळे ६० सामन्यांवर आटोपला आणि तोही रिकाम्या खुर्च्यांसमोर. २०२२मध्ये साधारण साडेसहा कोटी, २०२३मध्ये ७ कोटी ७ लाख, २०२४मध्ये ७ कोटी १३ लाख, २०२५मध्ये त्याहून किंचित जास्त. सामन्यामागे सरासरी काढली तर २००७मध्ये ३२ हजारांच्या वर, आता २९ हजारांच्या आसपास.

हे आकडे दारातून आत शिरलेल्या माणसांचे नाहीत, खपलेल्या तिकिटांचे आहेत. मेजर लीगचे दोन भाग आहेत. पूर्वी त्यातले नॅशनल लीगवाले आत आलेली डोकी मोजत आणि अमेरिकन लीगवाले विकलेली तिकिटं. १९९३पासून दोन्हीकडे तिकिटंच मोजतात. त्यामुळे एप्रिलमधल्या एखाद्या गारठलेल्या मंगळवारी अधिकृत आकडा २० हजार लागतो आणि कॅमेरा फिरला की निम्म्या खुर्च्या मोकळ्या दिसतात. हंगामाचं तिकीट घेतलेला माणूस घरी बसला तरी हिशेबात तो ‘हजर’ असतो.

घसरणीचा एक भाग तर रस कमी झाल्याचा नव्हेच. न्यूयॉर्कचे यांकीज आणि मेट्स हे दोन्ही संघ २००९मध्ये नव्या मैदानांत गेले आणि दोन्ही मैदानं जुन्यापेक्षा लहान होती. मेट्सचं शे स्टेडियम सुमारे ५७ हजारांचं, नवं सिटी फील्ड ४२ हजारांचं. वर्षातून ८१ वेळा १५ हजार खुर्च्या कमी, म्हणजे एकाच संघामागे जास्तीत जास्त बारा लाखांची घट कागदावर आली. मालकांनी हे जाणूनबुजून केलं. जागा कमी असली की तिकीट महाग विकता येतं, आणि स्वस्त खुर्च्यांच्या जागी काचेच्या वातानुकूलित खोल्या काढल्या की कंपन्या त्या वर्षभरासाठी घेतात. त्यात २००८ची मंदी आली.

मग २०२३मध्ये एकदम उसळी कशाची? सगळे पिच क्लॉककडे बोट दाखवतात. बेसबॉल न पाहिलेल्यांसाठी सांगायचं तर आधी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, हातातला चेंडू चोळत, टोपी सारखी करत, झेल घेणाऱ्या साथीदाराच्या खुणांना नकारार्थी मान हलवत हवा तेवढा वेळ काढू शकत असे. बॅटर दर चेंडूनंतर रिंगणाबाहेर जाऊन हातमोज्यांचे पट्टे उघडून पुन्हा बांधत असे. २०२३पासून घड्याळ लागलं. बेसवर धावपटू नसेल तर १५ सेकंद, असेल तर २० (पुढच्या वर्षी १८). पिचरने उशीर केला की फलंदाजाच्या बाजूने एक ‘बॉल’ जमा, आणि ८ सेकंद उरले तरी बॅटर तयार नसेल तर त्याच्या नावावर एक ‘स्ट्राइक’. नऊ इनिंगचा सामना सरासरी ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आला. दुसऱ्या दिवशी शाळा असलेल्या मुलांना घेऊन जायला आईबाप तयार होऊ लागले.

याची एक गमतीदार बाजू अशी की अनेक मैदानांवर सातव्या इनिंगनंतर बिअरची विक्री बंद होत असे. सामना आटोपता झाला तसा गल्लाही आखडला, म्हणून मिल्वॉकीसह काही संघांनी विक्री आठव्या इनिंगपर्यंत वाढवली. घड्याळाने काय काय हलवलं ते यावरून दिसावं.

तरी सगळं श्रेय घड्याळाला देणं मला पटत नाही. २०२२चा आकडाच खाली होता. मालक आणि खेळाडू यांच्या भांडणात त्या हंगामाआधी ९९ दिवस टाळेबंदी होती, हंगाम उशिरा सुरू झाला आणि कोविडची धास्तीही पुरती गेलेली नव्हती. तुलनेचा पायाच खोल असला की चढण उंच दिसते.

एकूण बेरीज आणखी एक गोष्ट झाकते. २०२३मध्ये ओकलंड ए (अॅथलेटिक्स) या संघाच्या हंगामभराच्या घरच्या सामन्यांची तिकिटं साडेआठ लाखही खपली नाहीत. मालक संघ लास व्हेगसला न्यायला निघाले होते. तेव्हा १३ जून २०२३ला चाहत्यांनी उलटा बहिष्कार पुकारला. घरी बसण्याऐवजी सगळ्यांनी मुद्दाम यायचं, संघ विकून टाका असं लिहिलेले हिरवे टी-शर्ट घालायचे आणि मालकाला ऐकू जाईल अशा घोषणा द्यायच्या. एरवी काही हजारांवर खेळणाऱ्या संघाच्या त्या सामन्याला २७,७५९ तिकिटं लागली. गर्दी कमी होती ती चाहते नव्हते म्हणून, की रागावले होते म्हणून, याचं उत्तर त्या एका संध्याकाळी मिळालं. मालकाने ते ऐकलं नाही. २०२५मध्ये हा संघ सॅक्रामेंटोच्या जेमतेम १४ हजारांच्या मैदानात खेळायला गेला. त्याच वर्षी टॅम्पा बे रेज ११ हजारांच्या मैदानात खेळत होते, कारण ऑक्टोबर २०२४मधल्या मिल्टन वादळाने त्यांच्या स्टेडियमचं छप्पर फाडलं होतं. तीसपैकी दोन संघांना हवी तेवढी तिकिटं विकणं शक्यच नव्हतं आणि तरीही एकूण आकडा घसरला नाही. वरच्या टोकाला डॉजर्सनी त्या वर्षी प्रथमच ४० लाखांचा टप्पा ओलांडला.

टीव्हीमुळे लोक घरी बसतात का?

ही भीती रेडिओइतकी जुनी आहे. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी आपसात ठरवून पाच वर्षं रेडिओ समालोचन बंद ठेवलं होतं, फुकट ऐकायला मिळालं तर तिकीट कोण काढणार म्हणून. १९३९मध्ये ब्रुकलिन डॉजर्सच्या लॅरी मॅकफेल यांनी ती आघाडी मोडली आणि रेड बार्बर यांना माइकसमोर बसवलं. त्याच वर्षी २६ ऑगस्टला एबेट्स फील्डवरून मेजर लीगचा सामना प्रथमच टीव्हीवर दिसला.

घाबरणाऱ्यांचा लाडका दाखला म्हणजे बोस्टन ब्रेव्हज. १९४८मध्ये साडेचौदा लाखांची गर्दी, लीगचं विजेतेपद. पुढे घरचे सामने टीव्हीवर, आणि १९५२मध्ये गर्दी २ लाख ८१ हजार. १९५३मध्ये संघ मिल्वॉकीला हलला, तिथे घरचे सामने टीव्हीवर दाखवायचे नाहीत असं धोरण ठेवलं आणि पहिल्याच वर्षी १८ लाख लोक आले. ऐकायला बिनतोड वाटतं. पण १९५२चा तो संघ आठांत सातवा आला होता, शहरात रेड सॉक्ससारखा दांडगा प्रतिस्पर्धी होता, आणि मिल्वॉकीला १९०१नंतर प्रथमच मोठ्या लीगचा संघ मिळाल्याचं अप्रूप होतं. नुसत्या टीव्हीवर खापर फोडणं सोयीचं होतं, इतकंच.

उलट दाखला शिकागोचा. १९८२मध्ये व्हाइट सॉक्सच्या नव्या मालकांनी आपले बहुतेक सामने पैसे भरून पाहायच्या चॅनलवर नेले. शहरातला दुसरा संघ कब्ज डब्ल्यूजीएन या फुकट दिसणाऱ्या चॅनलवर राहिला. कब्जच्या मैदानावर १९८८पर्यंत दिवे नव्हते, सामने दुपारी होत, त्यामुळे शाळेतून घरी आलेली पोरं टीव्ही लावला की कब्जच पाहत. लोकप्रिय समालोचक हॅरी केरीही त्याच सुमारास व्हाइट सॉक्स सोडून कब्जकडे गेले. एक अख्खी पिढी कब्जची झाली आणि व्हाइट सॉक्स शिकागोत मागे पडले ते पडलेच. रोज दिसणारा संघ आपला वाटू लागतो आणि पुढे त्याचीच तिकिटं काढली जातात.

टीआरपीचा टक्का आणि घरांचा आकडा

स्थानिक टीव्हीचे आकडे वाचताना एक घोटाळा नेहमी होतो. नील्सन ही कंपनी अमेरिकेची २१० भागांत विभागणी करते आणि त्या भागातल्या टीव्ही असलेल्या घरांपैकी किती टक्के घरांनी सामना लावला ते सांगते. हा टक्का म्हणजे रेटिंग. २०१५मध्ये, ज्या वर्षी कॅन्सस सिटी रॉयल्सनी वर्ल्ड सीरिज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली, त्यांचं स्थानिक रेटिंग १२च्या वर होतं. फार मोठी गोष्ट; शहरातल्या दर आठ घरांतलं एक. पण त्या भागात टीव्हीची घरं दहा लाखांच्या आतबाहेर, म्हणजे सामना लागत होता सव्वा लाखाच्या आसपास घरांत. न्यूयॉर्क भागात अशी घरं ७० लाखांहून जास्त. तिथे ३ रेटिंग मिळालं तरी दोन लाखांवर घरं होतात. शहर किती वेडं आहे ते टक्क्याने कळतं, जाहिरातदार किती पैसे देईल ते घरांच्या संख्येने.

त्यात मोजणीची पद्धतही बदलत राहते. नील्सनने अलीकडे घराबाहेर, बारमध्ये वगैरे पाहणाऱ्यांची मोजणी वाढवली आणि सेट-टॉप बॉक्समधली माहितीही मिसळली. फोनवर पाहणाऱ्यांचा हिशेब मिनिटांत निघतो. म्हणून ‘प्रेक्षक अमुक टक्के वाढले’ असा मथळा दिसला की आधी पाहायचं ते हे, की दोन्ही वर्षी मोजपट्टी एकच होती का.

न पाहणाऱ्यांचे पैसे

आता मूळ मुद्दा. स्थानिक चॅनलची कमाई मुख्यतः जाहिरातींवर नव्हती आणि चाहत्यांवर तर नव्हतीच. ती होती केबलच्या बिलावर. सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये पोहण्याच्या तलावाचा खर्च सगळ्यांकडून घेतात, पोहतात चारच घरं. तसाच हा प्रकार. बेसबॉलचं चॅनल केबलच्या मूळ पॅकेजमध्येच कोंबलेलं असे आणि प्रत्येक घराकडून महिन्याला चार-पाच डॉलर वसूल होत, मग त्या घरातल्या आजीबाईंनी जन्मात सामना पाहिलेला नसेना.

कल्पनेतलं एक शहर घेऊन आकडे मांडू. केबलची घरं ३० लाख, प्रत्येकी महिन्याला ५ डॉलर: वर्षाला १८ कोटी डॉलर. रोज सामना लावणारी घरं त्यातली लाखभर. आता निम्म्या घरांनी केबल तोडून नेटफ्लिक्स घेतलं, पण ती लाखभर घरं तशीच राहिली. रेटिंग फारसं हललं नाही, कमाई मात्र ९ कोटींवर आली. आधीची कमाई फक्त त्या लाखभर घरांकडून काढायची म्हटली तर प्रत्येकाला वर्षाला १,८०० डॉलर भरावे लागतील. कोण भरणार?

अमेरिकेत असं टीव्ही पॅकेज घेणारी घरं एके काळी दहा कोटींच्या आसपास होती, तिथून ती वर्षागणिक गळत गेली. अशा घसरणीच्या मध्यावर, २०१९मध्ये, सिंक्लेअर या कंपनीने २१ प्रादेशिक क्रीडा चॅनलं डिस्नेकडून घेतली. फॉक्सचा मोठा व्यवसाय विकत घेताना ही चॅनलं विकून टाकण्याची अट डिस्नेवर सरकारने घातलेली होती. किंमत धरली होती १,०६० कोटी डॉलर, बहुतांश कर्जाने. ती सांभाळणारी डायमंड स्पोर्ट्स ही उपकंपनी मार्च २०२३मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि अडीच महिन्यांनी पाद्रेसचा करार संपला.

या पद्धतीचा अतिरेक त्याआधीच लॉस एंजेलिसने भोगला होता. डॉजर्सचा तो ८३५ कोटींचा करार करणाऱ्या टाइम वॉर्नर केबलने नव्या चॅनलसाठी इतर केबल आणि डिश कंपन्यांकडे प्रत्येक घरामागे मोठी रक्कम मागितली. डायरेक्टटीव्हीसारख्यांनी नकार दिला. परिणामी २०१४पासून शहरातल्या निम्म्याहून अधिक घरांत डॉजर्स दिसेनासे झाले. ६७ वर्षं डॉजर्सचं समालोचन करणारे विन स्कली २०१६मध्ये निवृत्त झाले. त्यांचे शेवटचे हंगाम त्यांच्याच शहरातल्या लाखो घरांत दिसले नाहीत. तोडगा निघाला एप्रिल २०२०मध्ये, कोविडने खेळ बंद असताना. एवढी वर्षं संघाला ठरलेले पैसे मिळत राहिले आणि मैदानही भरत राहिलं.

पैसे भरून इंटरनेटवर सामने दाखवणारी लीगची सेवा २००२पासून आहे. पण केबल चॅनलला दिलेला शब्द पाळायचा म्हणून आपल्या भागातल्या संघाचे सामने तिच्यावर बंद ठेवलेले. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाने ती घेतली तर कित्येक वर्षं त्यांना सिअॅटल आणि डेन्व्हरचे सामने दिसत, जवळच्या यांकीजचे नाहीत. आयोवा राज्याची तर कमाल होती. तिथे मेजर लीगचा एकही संघ नाही, तरी कब्ज, व्हाइट सॉक्स, कार्डिनल्स, रॉयल्स, ट्विन्स आणि ब्रुअर्स अशा सहा संघांनी ते आपलं क्षेत्र मानलेलं. आयोवातल्या माणसाला जवळचे सहाही संघ बंद!

पाद्रेसचं प्रक्षेपण हाती घेताच लीगने ही बंदी तिथे उठवली. महिन्याला २० डॉलर भरून कुणीही पाहावं, आणि केबलवरही दिसावं. लीगच्या हिशेबाने सामने पोहोचू शकतील अशी घरं ११ लाखांवरून ३२ लाखांच्या वर गेली. प्रेक्षकांच्या दृष्टीने एवढी सोय आधी कधीच नव्हती. संघाच्या तिजोरीचं मात्र तसं नाही. पहिल्या वर्षी लीगने जुन्या रकमेच्या ८० टक्क्यांची हमी दिली, ती कायमची नव्हती. डिसेंबर २०२३मध्ये पाद्रेसनी हुआन सोटोसारखा फलंदाज यांकीजना देऊन टाकला. पगाराचा बोजा कमी करण्यामागे टीव्हीचे आटलेले पैसे हे एक कारण होतं. २०२५पर्यंत अॅरिझोना, कोलोराडो, क्लीव्हलँड आणि मिनेसोटा हे संघही लीगच्या प्रक्षेपणाखाली आले.

राष्ट्रीय पातळीवर चित्र वेगळंच आहे. २०२३ची वर्ल्ड सीरिज अमेरिकेत सरासरी ९१ लाख लोकांनी पाहिली, मोजणी सुरू झाल्यापासूनचा नीचांक. दोनच वर्षांनी डॉजर्स आणि टोरांटो यांच्यातला सातवा सामना अमेरिका, कॅनडा आणि जपान मिळून ५ कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. डॉजर्सच्या जपानी शोहेई ओहतानीमुळे जपान सकाळीच टीव्हीसमोर बसलेला असतो. पण त्यातून क्लीव्हलँडला जुलैतल्या बुधवारचा सामना विकायला मदत होत नाही.

एनबीसी, नेटफ्लिक्स आणि ईएसपीएन यांच्याशी झालेले नवे राष्ट्रीय करार २०२८पर्यंतचेच आहेत. लीगचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, रॉब मॅनफ्रेड यांना त्यानंतर सगळ्या संघांचे स्थानिक हक्कही एकत्र करून विकायचे आहेत, म्हणजे जवळजवळ आयपीएलसारखं. छोट्या शहरांचे संघ राजी होतील. पण यांकीजचा यस नेटवर्क या स्थानिक चॅनलमध्ये हिस्सा आहे, रेड सॉक्सच्या मालकांकडे नेसन चॅनलचा मोठा वाटा आहे, कब्जने मार्की हे चॅनल काढलं आहे, आणि डॉजर्सचा करार २०३८पर्यंत चालणार आहे. हातात आलेलं सोडून सामाईक पेटीत टाकायला त्यांना काहीतरी मोठं मिळावं लागेल. शिवाय खेळाडू संघटनेबरोबरचा करार त्याआधीच, १ डिसेंबर २०२६ला संपतो. एकूण पगारावर मर्यादा घालायची की नाही हा त्यातला मोठा वाद, आणि त्या वादात मालकांना एका सुरात बोलायचं असेल तर टीव्हीचे पैसे कसे वाटायचे हे त्यांना आधी आपसात मिटवावं लागेल.